साठ टक्के

नियम साठ टक्क्यांचा.
फलक छत्तीस इंच उंच असेल
तर कन्नड एकवीस पूर्णांक सहा दशांश,
उरलेल्या जागेत मराठी, इंग्रजी, मालकाचं नाव,
मोबाइल आणि श्री कलमेश्वर प्रसन्न.

भैरूच्या इंचपट्टीवर सहा दशांश नव्हता,
सोळांशाच्या खुणा होत्या.
म्हणून शहापुरात तीन दुकानं पालथी घालून
त्यानं मिलिमीटरची पट्टी आणली.

गिऱ्हाईक म्हणतं, थोडं इकडेतिकडे चालतंय की.
भैरू विचारतो, इकडे किती? तिकडे किती?
खरंच विचारतो.
उत्तर आलं असतं तर वहीत लिहिलं असतं.

मी त्याची चुलतबहीण. रंग माझ्याकडे.
लाल म्हटलं की मला कुठला ते कळत नाही:
ओल्या विटेचा, सुकल्या कुंकवाचा,
की हुबळीच्या गाडीच्या मागच्या दिव्याचा?
कर्लेकरांच्या मसाला डंकाचा फलक
अकरा दिवस माझ्यापुढे उभा होता
आणि मी डब्यात थेंबथेंब पिवळा सोडत होते.

टिळकवाडीच्या डॉक्टरबाईंनी
एकाच गुरुवारी दोघांना दोन कागद दिले.
काकीनं ते रेशनकार्डाच्या प्लास्टिकात ठेवले आणि म्हणाली,
एक शीत टणक राहिलं, एक गिच्च झालं,
चूल तर एकच होती गं.

तेव्हापासून गल्लीत हेच ठरलं.
तो टणक, मी मऊ.
माझा चार नंबरचा ब्रश कुणी हलवला
तर मी काम टाकून घरी जाते,
संध्याकाळी जेवत नाही,
हे गल्लीला कुठून माहीत असणार.

एक नोव्हेंबरच्या आदल्या दिवशी
सकाळी लाल-पिवळ्या उपरण्यांची माणसं आली,
दुपारी भगव्या उपरण्यांची.
दोन्ही वेळा भैरूला एकच प्रश्न: तू कुणाकडचा?
दोन्ही वेळा भैरू म्हणाला,
गल्लीच्या डाव्या बाजूचा. घर नंबर एकवीस.

मला विचारलं असतं तर
आजोळ हुक्केरीचं, आई लाड मराठीत करायची,
रागावली की कन्नडमध्ये, आणि स्वप्नात
कुठल्या भाषेत बोलायची ते मला ऐकूच यायचं नाही,
असं म्हणत म्हणत मी दिवे लावायची वेळ आणली असती.

मग डिसेंबरात पालिकेचा साहेब आला,
टेप काढून म्हणाला, हे साठ भरत नाही.
भैरूनं विचारलं, साठ कशाचे?
उंचीचे की क्षेत्रफळाचे?
मात्रा, वेलांट्या, खालचे ओत्तक्षर धरून की सोडून?
साहेबानं टेप गुंडाळला, पुन्हा उलगडला.
भैरूनं वही दाखवली.
चारही हिशेब तीन वर्षांपूर्वीच मांडलेले,
प्रत्येकाखाली: विचारणे.
कुणाला विचारणे ते लिहिलं नव्हतं.
साहेब चहा घेऊन गेला.

काल जुना फलक खरवडायला आला.
पत्र्यावर गावाच्या नावाचे थर,
बेळगाव, बेळगांव, ಬೆಳಗಾವಿ, मधे नुसता पांढरा.
कडेला निळ्याची चिंध्या झालेली पापडी,
अर्धी पत्र्याला, अर्धी हवेत.
मी म्हटलं, साडेसहा थर.

भैरू बराच वेळ बघत राहिला.
अर्धा थर नसतो, म्हणाला.
थर सातच. त्यातला एक अर्धा उरलाय.
ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ताई.

मी तोंड उघडलं, मिटलं.
हा निळा कुठला ते विचारायचं होतं मला,
पण त्यानं पत्रा खिडकीकडे वळवला होता आधीच,
माझा चार नंबरचा ब्रश न हलवता,
कोपरानं वळसा घालून,
आणि वहीत नवी ओळ आखून तो थांबला होता.
सांग, म्हणाला. कुठला निळा?